इतर

फेब्रुवारीत, पहाटे तीनला, गुडघाभर बर्फातून
आयला नीमेला आमच्या गोठ्यात आली होती.
वासरू आडवं आलेलं. खांद्यापर्यंत हात घालून
तिने ते फिरवलं, ओढलं, गवताच्या बोळ्याने पुसलं.
पैसे विचारले तर म्हणाली, "नोव्हेंबरात बघू."

उन्हाळाभर सह्या गोळा करत हिंडली
हँकॉकपासून ऑन्टोनॅगनपर्यंत, सरोवराच्या काठाकाठाने,
जनावरांच्या औषधांचा वास येणाऱ्या त्याच गाडीतून.
कारकुनाने तीनशे अकरा बाद केल्या:
कुणी तारीख विसरलेलं, कुणाचा परगणा चुकलेला,
एक सही तर मेलेल्या नवऱ्याच्या वतीने, प्रेमाने केलेली.
उरलेल्यांवर कशीबशी मतपत्रिकेत आली,
सगळ्यात खाली, घडी पडते तिथे.

टीव्हीवरच्या वादसभेत खुर्च्या दोनच.
पाहणीच्या तक्त्यात एक लाल, एक निळा,
आणि नखाएवढा राखाडी तुकडा: इतर.
माझ्या चौदाही गायींना नावं आहेत.

हेक्कालाच्या दुकानात खिळे तोलून घेताना
सगळे म्हणायचे, बाई सोन्यासारखी, पण.
त्या 'पण'च्या पुढे कुणी गेलं नाही.
जो तो दुसऱ्याकडे बघायचा,
तळं गोठलंय का हे बघायला
आधी दुसऱ्याने पाऊल टाकावं, तसं.

शाळेच्या जिममध्ये, पुठ्ठ्याच्या आडोशामागे,
माझं पेन तिच्या नावापाशी थांबलं. बराच वेळ.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
मग तो दगड आठवला, तो निवडून आला तर?
दगडापेक्षा वीट मऊ, असं आपण म्हणतो,
डोक्यात दोन्ही घालून बघितल्याशिवायच.
मी विटेचा गोल भरला,
रेषेबाहेर न जाता, शाळकरी पोरासारखा.

दगडच आला.
आमच्या गावातून आयलाला एक्केचाळीस मतं.

एप्रिलमध्ये लसी टोचायला आली.
तेच रबरी बूट, तीच गाडी, मागच्या काचेवर
तिच्याच नावाचा अर्धा सोललेला कागद.
मी बादली धरून उभा. तोंडातून निघून गेलं,
"माझं मत तुम्हालाच होतं बरं का."

तिने सुई दिव्याकडे धरून बुडबुडा काढला.
"आजवर नव्वद जणांनी सांगितलं," म्हणाली,
आवाजात राग नव्हता, मोजदाद होती.
पुढच्या गाईची मान थोपटली,
तिचं नाव विचारलं,
आणि हात धुवायला
साबण मागितला.