सुकती

डॉक्टर म्हणाले, खांदा धरलाय, हलता ठेवा.
म्हणून मी, वय सत्तेचाळीस, पोहणं बेताचं,
दर रविवारी मनोरीच्या खाडीत
भाड्याच्या पिवळ्या कयाकमध्ये बसते
आणि वल्ह्याने पाणी हलवते, पिठलं हलवावं तसं,
गुठळी होऊ नये इतपत.

पुढे लँबर्ट मिनेझिस, लाल कयाकमध्ये.
तो मागे न बघता बोलतो:
"अमावास्या हाय बाय, सुकती लय खोल जाईल.
साडेचारला परत फिरायचा."
साडेचार वाजले तेव्हा मी एका बगळ्याकडे बघत होते.

मग पाणी गेलं. मोरीचं बूच काढल्यासारखं.
तिवरं पायजमे वर खोचून उभी राहिली.
कयाक चिखलात बसली, म्हशीसारखी, निवांत.
वळणापलीकडून लँबर्ट ओरडला,
"उतरू नको! कमरेपर्यंत जाशील!
आठला पानी येल, बसून राव!"

डावीकडे एक डबकं उरलं होतं, पलंगाएवढं.
त्यात वेफर्सची पाकिटं, पूजेचा एक नारळ
आणि एक पर.
करडा, शिंप्याच्या खडूसारखा त्रिकोणी.

पर दिसला की काय करायचं ते मला ठाऊक होतं.
किंचाळले.
कुणी आलं नाही. एक खेकडा बिळात गेला.

मग नीट बघितलं. मुशी.
दीड हात लांब, पोट तट्ट.
ओळखीचीच की. चारकोपच्या बाजारात
चांगुणा वैतीच्या पाटीत, बर्फाखाली,
कायम आडवी पाहिलेली.
"डोकं ठेवू का?" एवढाच आमचा संबंध.
ही वळत होती. नाक चिखलाला लागलं की वळायची,
इस्पितळाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारतात तशी.

"लँबर्ट, इथे मुशी आहे!"
"पोटुशी असंल! तिवरांत पोरं टाकायला येते!
अंडी नाय घालत ती, पोरंच देते,
आपल्यासारखी!"

शर्वरी झाली तेव्हा सासूबाईंनी
दहाव्या दिवसापासून रोज मुशी रांधली.
कढत पाणी, राख, वाळूसारखी कातडी घासून काढलेली,
मूठभर लसूण. खा, दूध उतरेल.
उतरलं. चादर भिजेपर्यंत.
काटा नव्हता, मी डोळे मिटून खाल्लं.
कुणाच्या पोटात काय होतं
ते पातेल्यात दिसत नाही.

सहाच्या सुमारास डबकं पाळण्याएवढं झालं.
पाठ उघडी पडली, कल्ले उघडमीट करू लागले.
मी कयाकमधून वाकून वल्ह्याने चिखल ओढू लागले,
डबक्यापासून ओहोळाकडे, एक चर.
दर खेपेला चिखल परत यायचा.
खांदा दुखत नव्हता असं लिहायला आवडलं असतं.
दुखत होता.
चर पुरा झाला की नाही, सांगता येत नाही,
अंधार पडला.

शर्वरीचा फोन आला, बॅटरी तीन टक्के.
"आई, कुठे आहेस?"
"चिखलात."
"एकटी?"
"नाही," म्हटलं, आणि फोन गेला.

पलीकडे मालाडच्या इमारतींचे दिवे लागले,
कुणाकुणाच्या स्वयंपाकघराचे.
आम्ही दोघी पाण्याची वाट बघत बसलो,
निदान मी तरी बसले.
डास चावत होते. बगळा कधी गेला कळलं नाही.

आठ वाजून गेल्यावर पाणी आलं, आवाज न करता.
आधी चिखल चकाकला, मग कयाक हलली,
आणि तळाला बाहेरून काहीतरी खरवडून गेलं,
एकदाच,
काचकागदासारखं.
नारळही असेल.

गुरुवारी चांगुणाने पाटीवरचं फडकं बाजूला केलं.
"मुशी बघ, आत्ता आलीय."
मी पोटाकडे बघत राहिले.
तिने कोयता उचलला.
"डोकं ठेवू?"
"थांब जरा," मी म्हटलं.
मागे चार बायका खोळंबल्या होत्या.