पश्चिमेची भिंत

मुलगा म्हणाला, समोरून सगळी काच घ्या मॅडम,
पुण्यात असते तशी.
मोबाइलवर फोटो: निळी काच, राखाडी पॅनल,
कुंडीत एक ताड, तोही बहुधा प्लास्टिकचा.
मी म्हटलं, प्लॉटचं तोंड मावळतीला आहे,
आणि हे जुळे सोलापूर.
मे महिन्यात चार वाजता
इथे गेटची कडीसुद्धा फडक्यानं धरतात.

तो गप्प बसला. वडील आधीपासूनच गप्प.

नरसम्माला विचारलं, तुम्हाला काय हवं?
'ओटा.'
केवढा?
तिनं पदर खोचला, मोकळ्या प्लॉटवर मांडी घातली,
मांडीवर नसलेलं सूप धरलं.
डावीकडे हात: इथे कनकव्वा.
उजवीकडे: इथे शोभा, तिचा गुडघा वाकत नाही,
तिला पाय सोडायला जागा.
मी टेप लावला. साडेआठ फूट.
विड्या सुटल्या, म्हणाली, बसणं थोडंच सुटतंय.

शहाबादी फरशी, बिनपॉलिशची.
कडुलिंबाला चार बाय चार माती.
आणि एलिव्हेशनमध्ये कुणीच काढत नाही ती गोष्ट:
निळी पिंपं.
पाचव्या दिवशी नळ येतो
तेव्हा नळी, मोटर, घागरी, सगळा संसार घरापुढे.
मी काढली. सहा. जिन्याच्या पोटात, कमानीखाली.
'पिंपं पण दाखवणार?' मुलगा.
तिथेच राहणार आहेत ती, मी म्हटलं,
तुमच्यापेक्षा जास्त वेळ.

मग मल्लेशमनी पिशवीतून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं.
सव्वीस वर्षं जेकार्डची कार्डं ठोकली त्यांनी,
कारखाना बंद झाला तेव्हा एवढंच घरी आणलं, एका नक्षीचं बंडल.
कार्ड उन्हात धरलं.
माझ्या नकाशावर उजेडाचे ठिपके पडले.
'भिंत अशी जमेल?'

दोन दुपारी ते वाचत गेले:
भोक, भोक, बंद, भोक, बंद, बंद.
मी चौकोन काळे करत गेले.
दस्तगीर मिस्त्रीनं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
म्हणाला, हे बांधायचं की विणायचं?

वास्तुशांतीला, मार्चअखेर, साडेचारच्या सुमारास
ओट्यावर चादरीचा काठ उतरला,
तिरका, ताणलेला,
दोघींनी दोन टोकं धरून पिळावा तसा.
मुलगा फोटो काढत सुटला.
मल्लेशम वाकले, बोट ठेवलं:
सातवी ओळ. एक भोक जास्त.
दस्तगीर ओशाळला. मी कागद शोधू लागले
(चूक माझीच होती, आजवर सांगितलेली नाही).
'मागावर असतं तर अख्खं थान परत आलं असतं,'
मल्लेशम म्हणाले, मग पाहिलं,
तो जास्तीचा ठिपका नरसम्माच्या जोडव्यावर.
'राहू दे.'
'राहू दे काय? चटका बसतोय,'
पाय आत घेत ती म्हणाली, 'बुजवा.'

बुजवलं.
तेवढा एक चौकोन रस्त्यावरून
अजून वेगळ्या रंगाचा दिसतो.