अभ्रे

आम्ही दोघांनी मिळून विकत घेतलेली पहिली वस्तू
म्हणजे चार कुशनं.
लग्नाला अकरा दिवस झाले होते.
मी त्रेपन्न, अच्युत साठाला दोन कमी,
आणि शीतलामाता बाजारातला दुकानदार
थानामागून थान उलगडत म्हणाला,
"बिटिया का घर सजाना है, भाभीजी?"
म्हटलं, नाही, माझंच.
त्यानं गज खाली ठेवला, हसला, मग ओशाळला,
आणि मीटरमागे पाच रुपये न मागता सोडले.

रंगावरून भांडण झालं नाही.
हळदी म्हटलं, तर चालेल.
बाघचा ठसा, काळा-लाल. तोही चालेल.
ज्याला सगळंच चालतं
अशा माणसाबरोबर कसं राहतात
हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.
आधीच्या घरी संध्याकाळी सहाला
प्रत्येक उशीचं टोक छताकडे हवं असे,
आणि स्कूटरचा आवाज आला
की मी ती पुन्हा एकदा ओढून घेई.

मन्सुरीकाका कापूस पिंजता पिंजता म्हणाले,
"फोम मत लो, ताई. फोम को कुछ याद नहीं रहता."
म्हटलं, मला तसंच हवंय.
तरी त्यांनी भरला कापूसच,
आणि गच्च.

लोकमान्यनगर, दुसरा मजला.
सोफा त्याचा, पडदे माझे,
भिंतीचा रंग घरमालकाचा.
दोन हळदी, दोन ठशाच्या,
मी मागे सरकून बघते, पुढे होऊन बदलते.
अच्युत पोह्यांची बशी घेऊन उभाच,
बसू का, विचारतो.
स्वतःच्या सोफ्यावर.

पाचवी सापडली ती कपाटाच्या वरच्या फळीवर,
डांबराच्या गोळ्या शोधताना,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी.
मॅटीच्या कापडावर फुलीटाक्याचा पोपट.
चोच लाल, डोळा काळा, अंग भरलेलं,
आणि शेपटीच्या जागी
नुसती कार्बनची निळी रेघ.
सुई निघाली ती तिथूनच.
नीलांबरी. तिचं नाव मी मोठ्यानं घेतलेलं नाही अजून,
तोही घेत नाही,
आम्ही दोघं त्या नावाला वळसा घालून चहा पितो.

तो बँकेत गेला होता.
मी पोपट मध्यभागी ठेवून पाहिला:
सत्काराला बोलावल्यासारखा दिसला.
कोपऱ्यात: अंगठे धरून उभा केलेला पोर.
त्याच्या बाजूला, माझ्या बाजूला,
हळदीच्या मागे, फक्त चोच बाहेर येईल असा.
बारा वाजले, कुकर लावायचा राहिला.
शेवटी जिथे हातातून सुटला
तिथेच राहू दिला, जरा तिरका.

आल्यावर त्यानं पाहिलं.
चपला काढायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.
मग म्हणाला, आज गर्दी फार होती,
पेन्शनवाल्यांची.

रविवारी रेवा आली, शेवेची पुडी घेऊन.
बसली, पोपट मांडीवर घेतला,
आणि नवऱ्याच्या बदलीचं सांगत राहिली.
बोट मात्र निळ्या रेघेवरून
जात होतं, येत होतं.
जाताना मला म्हणाली, हळदी छान निवडलात.
नुसतं हळदीच म्हणाली.

हिरवी लोकर मी आणून ठेवली आहे.
छटा जुळत नाही.
जुळली असती तरी
ती शेपटी माझी आहे का, ठाऊक नाही.

आता कुशनं कुठेही असतात.
एक जमिनीवर, एक पेपराखाली,
ठशाचं एक तर बाल्कनीत, कुंडीला टेकून.
मी उचलते, कधी उचलत नाही.

काल दुपारी अच्युत पोपटावर डोकं ठेवून झोपला.
चारला उठला, पिशवी घेतली, दूध आणायला निघाला.
डाव्या गालावर बारीक बारीक फुल्या
उमटल्या होत्या, ओळीनं,
कानापासून ओठापर्यंत.
मी दारापर्यंत गेले.
सुटे पैसे दिले.
फुल्यांचं सांगितलं नाही.