रिकामा डबा

अर्ज पाच पानी आहे.
उजवीकडून अरबी, डावीकडून इंग्रजी,
मधल्या कोऱ्या पट्टीत मी
शिसपेन्सिलीने लिहिलंय: म्हणजे काय?

पदार्थाचं नाव. नानकटाई.
खिडकीतला मुलगा म्हणाला, बिस्किट लिहा.
लिहिलं.
गुदैबियाच्या वळणापर्यंत बसमध्ये वाटत राहिलं,
घरच्याच माणसाची ओळख
कुणीतरी लांबचे म्हणून करून दिली.

घटक, वजनासह, उतरत्या क्रमाने.
आमच्याकडे वजन नव्हतंच कधी.
आईची वाटी होती, काठाला चेपलेली,
आणि कृती एवढीच की
तूप मैद्याला विचारून घाल.
साडेसहा दिनारचा काटा आणला.
वाटी सपाट भरून मैदा: एकशे तेरा ग्रॅम.
चेपलेल्या जागेसाठी रकाना नाही.

फोडणी आणि विक्रीचं भाजणं एका वेळी नको.
केस झाकलेले. खिडकीला जाळी. मांजर नको, साय नको.
घरमालकाची सही,
नवऱ्याची सही,
नवऱ्याच्या कंपनीचा शिक्का.
माझी सही शेवटच्या पानावर,
वसुधा विद्याधर पेडणेकर,
आणि तिथेसुद्धा तो मध्ये आहेच.

व्यवसाय:
व्हिसावर लिहिलंय गृहिणी, नोकरीस परवानगी नाही.
तेच लिहिलं तर अर्ज अडेल,
नाही लिहिलं तर व्हिसा.
रकाना तसाच सोडला.

किती दिवस टिकतं?
खरंच माहीत नव्हतं.
तिसरा दिवस पाहिलेली नानकटाई
मी पाहिलेली नाही.
सहा बाजूला काढल्या, झाकणावर तारीख घातली,
डबा इस्त्रीच्या टेबलामागे.
नवव्या दिवशी चार निघाल्या.
विद्याधर म्हणाला, तपासणी करत होतो.

परवाना येईपर्यंत विकायचं नाही.
द्यायला हरकत नाही,
देण्याचं खातंच नाही कुठल्या मजल्यावर.
म्हणून दिलं. खाली उम्म खलीफाला,
समोर लीलाम्मांना,
पाचव्या मजल्यावर रोवेनाला.

रिकामं भांडं परत करू नये
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
तरी खालचा डबा खजूर घेऊन वर आला,
समोरचा केळ्याचे वेफर, खोबरेल तेलातले.
रोवेनाच्या डब्यात कागदी रुमाल,
रुमालात पाच दिनार, आणि चिठ्ठी:
मुलीसाठी खोकं पाठवतेय, साठ करशील?
बोटीने दीड महिना लागतो.
टिकतील ना?

पाच दिनार मी वाटीखाली ठेवले.
घेतले नाहीत. परतही केले नाहीत.
खजूर चालतात आणि नोट का नाही,
असं विचारायला त्या खिडकीत जावं,
तर पुन्हा टोकन घ्यावं लागतं.

मग बदरिया आली, तपासणीला.
जाळीवर बोट फिरवलं,
फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून
घड्याळ बघत उभी राहिली.
मी बशी पुढे केली.
आम्हाला भेट घेता येत नाही, म्हणाली,
आणि ते तिला जड गेलेलं दिसलं.
इस्त्रीच्या टेबलामागे वाकली. हे काय?
टिकतंय का बघतेय, मी म्हटलं.
किती दिवस?
सव्वीस.
तिने झाकण उघडून वास घेतला,
जरा जास्तच वेळ.
नमुना घेता येतो, म्हणाली.
दोनातली एक
पारदर्शक पिशवीत घातली,
वर उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं
आणि जिना उतरून गेली.

साठ भाजून तयार आहेत.
अजून विकलेल्या नाहीत.
खोकं येत्या गुरुवारी जायचंय.

डब्यात एक उरली आहे.
रोज सकाळी, ओट्यावर काही चढवण्याआधी,
झाकण उघडते, हुंगते,
आणि वरचा आकडा खोडून नवा घालते.
आज एकतीस.