तीन युरो वीस

जमाखर्च माझ्याकडे असतो.
हापसालूच्या स्टेशनात बावीस वर्षं तिकिटं विकली मी.
गाड्या थांबल्या, पुढे रूळही उचलून नेले,
मोजायची सवय तेवढी बोटांत राहिली.

आता मोजते
रात्रीच्या फोनचं बिल, खोलीचं सरपण,
फुंकून बघायच्या नळीची कागदी तोंडं,
आणि कॉफी. ती जरा जास्तच लागते.

फोन करणाऱ्याला काही पडत नाही.
धाप लागलेल्या माणसाला
आधी नाव, मग कार्ड, मग पैसे विचारायचे
तर विचारून होईपर्यंत तो उरायचा नाही,
हे एन्दलचं म्हणणं, पहिल्याच बैठकीतलं.
एवढं बोलतानाही दोनदा थांबला होता.
म्हणून दारात पेटी नाही.
भिंतीवर खाते क्रमांक, त्याखाली एकच शब्द: ऐच्छिक.

येतं ते येतं.
कुणाचे पन्नास, मुलीच्या लग्नातून उरलेले.
कुणाचा एक युरो, आणि सोबत दोन शब्द, माफ करा.
असं लिहू नका हो.
एका बाईने धुरावलेले मासे पाठवले.
ते कुठल्या रकान्यात घालू?
'इतर'मध्ये घातले. खाल्ले सगळ्यांनी.

आणि दर महिन्याच्या पाच तारखेला
ई. वारिक, तीन युरो वीस.
नऊ वर्षं.
लोण्याचे भाव वाढले, विजेचे वाढले,
हा आकडा जागचा हलला नाही.

ऑक्टोबरात एन्दल गेला.
नोव्हेंबरच्या पाचला तीन युरो वीस.
डिसेंबरच्या पाचलाही.
बँकेला कुणी कळवलं नव्हतं.
मीही नाही.

फेब्रुवारीत, खाडी पार गोठलेली असताना,
लेइदा आली, बूट आपटत, हातात त्याचं पासबुक.
हे काय आहे?
मी सांगितलं.
ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत राहिली,
मग म्हणाली, पाकिटाची किंमत आहे ही.
त्याने सोडली त्या वर्षी पाकीट तीन वीसला होतं.
आणि मला वाटायचं, रात्रीचा बाहेर पडतो
तो चोरून ओढायलाच.
नऊ वर्षं कोटाचे खिसे हुंगले मी त्याचे!

हसली. हसता हसता खोकली.
पाणी दिलं, ते तसंच राहिलं.
मग विचारलं तिने,
दोन ते चार त्याची पाळी असायची ना,
काय बोलायचा तो लोकांशी?

आम्ही बोलणं लिहून ठेवत नाही.
तेही पहिल्याच बैठकीत ठरलेलं.
लिहितो ते फक्त पैसे.
वही तिच्यापुढे सरकवली.
तिने बोट ठेवलं आणि खाली खाली नेत राहिली,
तीन वीस, तीन वीस, मधे कुणाचे तरी मासे,
तीन वीस.

हे थांबवायचा फॉर्म ड्रॉवरमध्ये होता.
काढू का, म्हटलं.
ती म्हणाली, कॉफी आहे का?

आज मार्चची पाच.
अजून नऊ वाजायचेत.
ओळ आखून ठेवली आहे,
नाव घातलेलं नाही.