फुल बाह्या

एप्रिल. पारा त्रेचाळीसवर,
अशोक चौकाकडून मागांचा खडखडाट,
आणि नववी ‘क’मध्ये तिसऱ्या बाकावर
अनुषा येमूल, फुल बाह्यांच्या स्वेटरात.

काढ, म्हणाले. गणवेशात बसत नाही.
पुन्हा म्हणाले, पट्टी टेबलावर आपटून.
बाही जरा सरकली.
मग वर्गात कोणीच काही बोललं नाही.

स्टाफरूममध्ये चहा आला.
बिराजदार सर म्हणाले, नाटकं, लक्ष वेधायला.
कोणी म्हणालं, मोबाइल.
कोणी म्हणालं, पालकांकडून लिहून घ्या,
उद्या शाळेचं नाव नको.
मी मान हलवली. बिस्किट बुडवलं,
ते कपातच तुटून राहिलं.

नरसव्वा मावशी घंटा द्यायला निघालेली,
दारात थांबली.
“बाई, वीस वर्षं माग चालवलंय मी.
धागा तुटला तर मागावर वरडत न्हाई कुणी.
थांबवायचं. बोटानं हुडकायचं.”
त्या दिवशी घंटा दोन मिनिटं उशिरा झाली.

बी.एड.ला मला शिकवलं होतं
फळ्यावर ओळ सरळ कशी ठेवायची.

प्रयोगशाळेत तिला बोलावलं. पंखा तिच्याकडे फिरवला.
विचारायचं ते सगळं ठरवून गेले होते, विसरले.
म्हटलं, त्या दिवशी चुकलं माझं.
ती गळक्या नळाकडे बघत राहिली
तास संपेपर्यंत,
मग हळूच काहीतरी बोलली, तेलुगूत.

बावीस वर्षं पूर्व भागात शिकवते.
मला तेलुगू येत नाही.
खुर्ची जवळ ओढली,
म्हटलं, परत सांग.