अप्रकट

दहावीपर्यंत त्याचं नाव अप्रकट उष्मा होतं.
अकरावीत नाव बदललं, लिंगही बदललं.
आता ती लेटंट हीट,
मोठ्या शाळेतून आलेल्या मुलीसारखी
माझ्या शेजारी बसली आणि बोलेना.

इंदोऱ्यात विहाराच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका.
महिन्याचे दोनशे. चपला खाली काढायच्या,
खुर्ची आपापली ओळखायची.
नवतपा सुरू आहे.
पंखा एका डोक्यावरची गरम हवा
दुसऱ्या डोक्यावर लोटतो.
समोर करुणा लांजेवार नुसते ओठ हलवते
आणि सूत्रं आत जातात.
माझ्या वहीत आलेख कधीचा तिथंच आहे :
शंभर अंशांवर आडवी रेघ.
खाली बर्नर चालू, गॅस जळतोय,
आणि तापमापी म्हणते, काही झालं नाही.

निमगडे सरांना तीनदा विचारलं,
सर, मग उष्णता जाते कुठं?
सर म्हणाले, गणित सुटतं ना?
वस्तुमान गुणिले पाचशे चाळीस.
सुटतं. तेच तर.
गणित सुटणं आणि कळणं यांच्या मधोमध
मी महिनाभर उकळते आहे.

रविवारी बाबांचा पोऱ्या आला नाही म्हणून मी गेले.
जरीपटका, तिसरा मजला, गच्ची.
मोटवानींचा कुलर नुसता गुरगुरत होता.
बाबांनी टिनाची जाळी काढली,
आतलं गवत क्षारांनी दगड झालेलं.
पंपावर त्यांनी बाटलीतलं ॲसिड ओतलं, फसफसलं.
मी म्हटलं, कार्बन डायऑक्साइड.
बाबा म्हणाले, तोंड बाजूले घे.

बाबा आठवीतून निघाले.
शाळेतले त्यांना पाढे आठवतात
आणि मास्तर छडी डाव्या हातात धरायचे ते.

बाबा, कुलर थंड कसा करते?
"पाणी उडून जाते. जाता जाता गरमी संग नेते.
फुकट नाही जात कोणी."
मग जुलैत काहून नाही करत?
"जुलैत हवेचं पोट भरलं राह्यते.
लोक मले बोलतेत, पंप बदलून दे म्हणतेत.
पंपाचा काय दोष?"

संपृक्त, मी मनातल्या मनात म्हटलं.
तो शब्द पहिल्यांदाच जेवून उठल्यासारखा वाटला.

पण संग नेते म्हणजे कशात नेते, बाबा?
ठेवते कुठं?
पेचकस हवेत थांबला.
"ते तू शिकून राहिली ना," बाबा म्हणाले,
"मले काय विचारतं?"

त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून
एक थेंब टिनावर पडला.
खिशात पेन होतं, तळहात होता. मी मांडलं :
थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग.
पाण्याचे अठरा ग्रॅम म्हणजे एक मोल.
म्हणजे थेंबाचं मोल, एक भागिले तीनशे साठ.
रेणू किती, तर सोळावर वीस शून्यं आणि वर काही.
एकमेकांचे हात धरून उभे.
ज्याला जायचं त्याला हात सोडवावा लागतो,
आणि हात सोडवायला जे लागतं
ते तापमापीत दिसत नाही.

इथवर आले आणि खाली पाहिलं.
थेंब नव्हता.
मिठाचा एक फिकट गोल, बस.

सत्तावीस कॅलरी, मी मोठ्यानं म्हटलं.
"काय?"
टिनाच्या गेल्या.
मी तिथंच बोट टेकवलं,
आणि चटका बसून मागं घेतलं.
सत्तावीस कॅलरी कमी झालेला टिन
पहिल्याइतकाच तापला होता.

बाबा हसले नाहीत.
त्यांनी पाण्याच्या टाकीत बोट बुडवून
माझ्या बोटावर धरलं,
आणि खाली मोटवानींना ओरडून सांगितलं,
पंप चांगला हाय, गवत बदलावं लागते.